बंब की भिंत?

गेल्या दोन महिन्यांत आमच्या भागातल्या तीन बैठकांना मी बसले आणि तिन्हींत एकच भांडण ऐकले. विषय तसा साधा. नागपुरात नाग नदीलगतच्या आमच्या वस्तीतली वीस-पंचवीस माणसे दर रविवारी एका लांबलचक कंपाउंड भिंतीवर फुटक्या फरश्यांचे चित्र जोडत आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात, पहाटे दोर, बोटी आणि बॅटऱ्या घेऊन कमरेभर पाण्यात जे उतरले त्यांच्यासाठी. अग्निशमन दलाचे जवान, एनडीआरएफ-एसडीआरएफ या आपत्ती दलांची माणसे, रुग्णवाहिकांचे चालक, वायरमन. पावतीपुस्तक छापलेले नाही, कुणा नेत्याचा फोटो नाही, तरी भांडण आहेच. एक बाजू म्हणते, भिंती सजवून काय होते, त्या पैशांत बंब घ्या, बोटी घ्या. दुसरी म्हणते, ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांच्या स्मारकाला विरोध म्हणजे त्यांचा अपमान. पहिल्या बाजूला टाळ्या पडतात, दुसरीला जरा जास्त पडतात, मग चहा येतो आणि सगळे आपापल्या मतासह घरी जातात.

माझे मत आधीच सांगून टाकते. भिंत झाली पाहिजे. पण तिचे समर्थक ज्या कारणासाठी ती मागतात ते कारण मला पटत नाही. 'वीरांना मानवंदना' हे शब्द तिथे लागले तर छिन्नी घेऊन मीच जाईन. त्या पहाटे कोण आले, किती वाजता आले, कशाने आले आणि हाताशी काय नसताना आले, याची लोकांनी स्वतःच्या हातांनी केलेली नोंद म्हणून ती भिंत मला हवी आहे. बंब मागणाऱ्यांनी तिच्यावर चिडण्याऐवजी तिचा उपयोग करून घ्यावा, एवढेच माझे म्हणणे.

पैशांचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. फरश्या फुकट आहेत, बहुतेक पुरातच निकामी झालेल्या घरांतल्या. टाइल अ‍ॅडहेसिव्हच्या काही गोण्या, ग्राउट, दोन करण्या, एक कटर. आतापर्यंतचा खर्च एखाद्या बऱ्यापैकी वाढदिवसाच्या जेवणावळीइतकाही नाही. बंबाची किंमत लाखांत मोजतात. भिंत थांबवून वाचलेल्या पैशांत बंबाचे एक चाकही येणार नाही. आणि मुळात, या शहरात कुठले स्मारक झाले नाही म्हणून वाचलेला पैसा कधी अग्निशमन केंद्रात गेल्याचे कुणी पाहिले आहे का?

पण या आक्षेपाच्या आत एक खरा आक्षेप लपलेला आहे आणि तो हे भांडणारे नीट मांडत नाहीत म्हणून मीच मांडते. पैसा संपत नाही, लोकांचे लक्ष संपते. मध्यमवर्गीय वस्तीकडे सार्वजनिक कामासाठी महिन्याकाठी चार रविवार असतात. ते चारही करणी-ग्राउटमध्ये गेले, तर नाल्याच्या काठावरची अतिक्रमणे, धरणाच्या सांडव्याचे काम, अग्निशमन दलातली वर्षानुवर्षे न भरलेली पदे यांच्यामागे कोण लागणार? शिवाय काहीतरी केल्याचे समाधान ही मोठी फसवी गोष्ट आहे. हात चिखलात घातले, फोटो निघाला, मन शांत झाले. हे शांत झालेले मन प्रशासनाला फार सोयीचे असते. हा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्याहून जड दुसराही आहे, तो तर याच पुराच्या पोटातून निघालेला.

त्या रात्री मध्यरात्रीनंतर चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या खालच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या खाटांखाली पाणी आले. लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. मूकबधिर शाळेच्या वसतिगृहातली मुले बाहेर काढावी लागली, ज्यांना बाहेरून मारलेली हाक ऐकूच जाणार नव्हती. पाणी ओसरल्यावर जो वाद उभा राहिला तो कशाचा होता? स्मारकाचा. तलावाच्या सांडव्यालगत उभारलेल्या स्वामी विवेकानंदांच्या स्मारकामुळे पाण्याची वाट अडली का, हा प्रश्न रहिवाशांनी थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नेला. विवेकानंदांचा त्यात काय दोष? त्यांना तिथे कुणी विचारून उभे केले नव्हते. पण ज्या शहरात स्मारक आणि पूर एकाच याचिकेत येतात, त्या शहरात पुराचेच स्मारक करा म्हणणाऱ्याला लोकांनी हसावे, हे अगदी न्यायाचे आहे.

आणखी मागे जा. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होते, अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली. त्यांत बाया आणि लेकरेच जास्त. आज झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. मागणीचे काय झाले? २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे दगड मिळाला, पूल मिळाला, ज्यासाठी माणसे मेली ते मिळाले नाही. बंब मागणाऱ्यांनी हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकले असते तर मी क्षणभर गप्प झाले असते. कुणी फेकले नाही, ही त्यांच्या तयारीची कमतरता.

पण क्षणभरच. कारण त्या पुलाकडे आणि त्या स्मारकाकडे एकत्र पाहू नका, वेगवेगळे पाहा. पुलाला नाव सरकारने दिले. रोज हजारो गाड्या त्याच्यावरून जातात आणि नाव वाचत कुणी नाही. स्मारकाशी मात्र दर २३ नोव्हेंबरला गावोगावची गोवारी माणसे येतात, पिवळ्या-तांबड्या एसट्यांमधून उतरतात, फुले वाहतात आणि तीच मागणी पुन्हा करतात. तीस वर्षे उलटली तरी तो प्रश्न मेलेला नाही. फरक दगडाच्या आकारात नाही, त्या दगडाशी कोण येते यात आहे. नाव देऊन सुटका करून घेणे आणि दरवर्षी येऊन आठवण बुजू न देणे, या दोन्हींना आपण मराठीत 'स्मारक' हा एकच शब्द वापरतो. भाषेची ही कंजुषी आपल्याला महागात पडली आहे.

दीक्षाभूमीचेच पाहा ना. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आज दिसतो तो स्तूप लोकार्पण व्हायला २००१ उजाडले. मधली पंचेचाळीस वर्षे लोक यायचे थांबले होते का? भाकरी बांधून, मुक्कामाला, पायी, मिळेल त्या गाडीने येतच होते. आधी माणसे आली, दगड नंतर आला. म्हणूनच २०२४ च्या जुलैत तिथल्या भूमिगत वाहनतळाच्या कामाने स्तूपाला धोका होईल असे वाटताच लोक धावले आणि ते काम बंद पडले. त्या दिवशीच्या प्रकाराबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो, पण ती जागा आपली आहे असे वाटण्यासाठी कुणाला सूचनाफलक लावावा लागला नाही.

आता भिंतीकडे येते. तिसऱ्या रविवारी तिथे गेले तेव्हा गोणपाटात फरश्या गुंडाळून दोन पोरे वर हातोडी चालवत होती, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. एका बाईंनी स्टीलच्या डब्याचे झाकण आणले होते. डबा वाहून गेला, झाकण तेवढे खिडकीच्या गजात अडकून राहिले. भिंतीवर खडूने काढलेले चित्र असे होते : उसळलेल्या ज्वाळा, हेल्मेट घातलेला रुबाबदार जवान, एका हातात पाण्याचा पाइप, दुसऱ्या खांद्यावर लेकरू. तेवढ्यात जवळच्या केंद्रावरचे एक जवान तिथे आले. निवृत्तीला आलेले, मिशा पांढऱ्या, ड्यूटी संपवून चाललेले. स्कूटर बंद न करताच बराच वेळ पाहत राहिले. मग हसले.

"ताई, ब्रांच असा एका हातानं धरला तं मानूस उताना पडन. प्रेशर असते त्याले. एक जन ब्रांचवर लागते, एक त्याच्या मांगं."

ब्रांच म्हणजे पाइपाच्या टोकाची तोटी. मी म्हटले, बदलू.

"अन् आग कायले काढली? त्या दिवशी आग कुठं होती? पानी होतं." मग निळ्या फरश्यांच्या ढिगाकडे बोट करून : "पानी बी असं नोतं. चहासारखं होतं. वास यायचा त्याचा, डिझेलचा."

स्कूटर बंद झाली. त्यांनी सांगितले की पहिला दोर एका बंगल्याच्या फाटकाच्या ग्रिलला बांधला, त्याला धरून साखळी केली आणि म्हाताऱ्या माणसांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणले. बोट गल्लीत वळत नव्हती, कारण पाण्याखाली उभ्या कारचे टप तिच्या पोटाला लागत होते. आम्ही विचारले, तुमचे नाव टाकू का? नको म्हणाले. "टाकायचं असन तं त्या रातच्या पाळीले किती जन होते, ते टाका."

या सगळ्या वादात मला ऐकू आलेले शहाणे वाक्य हेच. आमच्यातल्या कुणाला ते सुचले नव्हते. समर्थकांना नाही, कारण त्यांना जवानाच्या छातीची रुंदी काढायची होती. विरोधकांना नाही, कारण त्यांना वाटते भिंतीवर फक्त छातीच काढता येते. दुसऱ्याच आठवड्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज गेला : त्या रात्री पहिली वर्दी किती वाजता नोंदली, पाळीवर माणसे किती, मंजूर पदे किती, गाड्या किती निघाल्या, चालू बोटी किती होत्या. जे उत्तर येईल ते फरशीच्या आकड्यांत भिंतीवर लागेल. उत्तर आले नाही तर तेवढे चौकोन कोरे राहतील आणि खाली अर्जाची तारीख लागेल. मघाचा लक्ष संपण्याचा आक्षेप आठवा. पुरानंतर याच प्रश्नांसाठी बोलावलेल्या बैठकीला मोजून सात माणसे होती, त्यांतली दोन ज्यांच्या घरी बैठक होती त्यांच्याच घरची. अर्जावर सही करायला रविवारी हात धुऊन एकोणीस जण आले. एका वस्तीवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. पण माणूस आधी कशाला तरी हात लावतो आणि मग त्याबद्दल प्रश्न विचारू लागतो, हे वस्तीबाहेरही खरे असावे.

मानवंदनेवर माझा एवढा राग का, तेही सांगते. देव केला की नारळ फोडून मोकळे होता येते. माणूस ठेवला तर त्याचा पगार, गमबूट, धुरात श्वास घ्यायचा बीए सेट, रजा, पेन्शन सगळे विचारावे लागते. २२ मार्च २०२० ला आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. ३ मे ला हवाई दलाने इस्पितळांवर पुष्पवृष्टी केली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा सेविकांना मानधनासाठी संपावर जावे लागले. थाळी वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या संपाची बातमी वाचली? थाळी वाजवणे वाईट नव्हते हो. मीही वाजवली, चांगली पितळेची. वाईट हे झाले की तो आवाज आपल्याला हिशेब चुकता झाल्यासारखा वाटला.

उलट तुकाराम ओंबळे आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी कसाबच्या रायफलची नळी त्यांनी पकडून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळाले, चौपाटीपाशी स्मारक झाले, सगळे रास्त. पण त्यांची गोष्ट सांगताना प्रत्येक जण एक तपशील आवर्जून सांगतो : त्यांच्याकडे फक्त लाठी होती. शौर्य मोठे दिसावे म्हणून हा तपशील सांगितला जातो. तोच तपशील जरा तिरका धरून पाहा. एके-४७ समोर सहायक पोलीस उपनिरीक्षकाच्या हातात लाठीच का होती? चांगल्या स्मारकात हे दोन्ही प्रश्न एकाच दगडात मावतात. वाईट स्मारकात पहिला उरतो आणि दुसरा पुसला जातो.

ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. आपल्याकडे गावोगाव, देवळाच्या आवारात, वेशीवर, कधी धुणे धुवायच्या दगडांत पालथे पडलेले वीरगळ आहेत, म्हणजे लढताना मेलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा चोरांनी पळवलेल्या गाईंसाठी झालेली. वरच्या चौकटीत अप्सरा त्या माणसाला घेऊन चालल्या आहेत. त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नावही नाही. माणूस कोण होता हे विसरले गेले, तो काय करताना गेला हे राहिले. गाईंसाठी गेला, म्हणजे गावाच्या पोटापाण्यासाठी गेला. राजाचे सिंहासन राखताना गेलेल्यांसाठी इतिहास होताच. गोठा राखताना गेलेल्यासाठी गावाने दगड उभा केला. शेजाऱ्याचा गोठा राखणारा हा माणूस आणि मध्यरात्री वर्दी मिळताच बूट चढवणारा जवान यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आणि परदेशातलेच हवे असेल तर लंडनच्या पोस्टमन्स पार्कमधले घ्या. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवले की दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या साध्या माणसांचे स्मारक करा. कुणी मनावर घेतले नाही. शेवटी १९०० मध्ये त्या छोट्या बागेत एका छपराखाली फरश्या लागू लागल्या. हो, फरश्याच. आज तिथे ५४ फरश्यांवर ६२ माणसे आहेत. एकावर जोसेफ अँड्र्यू फोर्ड हा तीस वर्षांचा अग्निशामक आहे. १८७१ मध्ये एका आगीतून त्याने सहा जणांना वाचवले आणि शेवटी स्वतः भाजून गेला. विशेषणांची आतषबाजी नाही. नाव, काय केले, कुठे, कधी. वाचणारा तिथेच थबकतो, कारण त्याला भारावून टाकायचा कुणी प्रयत्न केलेला नाही.

इथे शब्दाचा एक घोळ आहे, त्यावर एक बैठक खर्ची पडली. 'फर्स्ट रिस्पॉन्डर' याला मराठीत काय म्हणायचे? कुणी 'प्रथम प्रतिसादक' आणले. तो शब्द ऐकून अंगावर फाइल पडल्यासारखे वाटते. 'धावून येणारे' हा आपला शब्द पुरेसा आहे, आणि तो लावला की प्रश्न आपोआप रुंद होतो. त्या पहाटे आधी कोण धावले? गणवेशातली माणसे पोहोचायच्या आधी वरच्या मजल्यावरच्या पोरांनी खालच्यांना जिन्यात ओढले. ट्रान्सफॉर्मर बंद करायला कमरेभर पाण्यातून गेलेला वायरमन कंत्राटी होता. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस घराघरातला गाळ ज्यांनी उपसला त्या सफाई कामगारांना कुठल्याच व्याख्येत जागा नाही. त्यांनी जीव वाचवले नाहीत असे म्हणणाऱ्याने त्या गाळाचा वास घेतलेला नाही. माझ्या मते तिघांनाही भिंतीवर जागा हवी. यावर आमच्यात अजून एकमत नाही आणि हा वाद करण्यासारखा आहे, बंब-भिंतीच्या वादापेक्षा कितीतरी बरा.

उरला सौंदर्याचा आक्षेप. हौशी माणसांनी केलेले काम बेढब होणार, दोन पावसाळ्यांत फरश्या सुटणार, मग ती भिंतच डोळ्यांत खुपणार. बेढब होणार, मान्य. एका जवानाचा डावा हात आत्ताच उजव्यापेक्षा वीतभर लांब झाला आहे. पण नागपूरकराने हा आक्षेप घ्यावा? तान्ह्या पोळ्याला आपण काळी आणि पिवळी मारबत, हे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीत काढतो, एकोणिसाव्या शतकापासून काढत आलो. लोकांनी लोकांच्या पैशांतून केलेला, शहराला नावे ठेवणारा, पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे, नाचवणारा असा दुसरा कलाप्रकार दाखवा. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत आपण ती जाळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा करतो. ती टिकत नाही, म्हणूनच करणारे हात टिकले. चितार ओळीतल्या मूर्तिकारांना विचारा, मूर्ती विसर्जित होते म्हणून काम हलके करतात का? फरश्या सुटतील तर दर सप्टेंबरात पुन्हा बसवायच्या. ज्या वर्षी बसवायला कुणी येणार नाही, त्या वर्षी ती भिंत पडू द्यावी. संगमरवराला ही प्रामाणिकता जमत नाही.

जागेबद्दल मात्र विरोधकांचे शंभर टक्के ऐकले पाहिजे. रस्त्यात, चौकात, पदपथावर काही नको. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नका असे राज्यांना बजावले आहे. आणि नदीच्या पात्राकडे तर बोटसुद्धा नको. अंबाझरीनंतर तेवढे तरी शिकायला हवे. आहे ती भिंत, तिच्या मालकाच्या लेखी संमतीने, एक वीतही पुढे न सरकता.

एका तारखेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, आणि पुढचा आठवडाभर शाळा-कारखान्यांत प्रात्यक्षिके. स्मरणाने हाती काही लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे एक उत्तर. ६६ जण आठवायचे म्हणून दरवर्षी कुठल्यातरी शाळेतल्या पोरांना आग लागली तर खाली वाकून बाहेर पडायचे शिकवले जाते. आता नागपूरचे पाहा. देशभरातले अग्निशमन अधिकारी घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या शहरात आहे. तरी १४ एप्रिलची ही दुसरी ओळख नागपुरात कुणाला नसते, कारण त्या दिवशी शहर भीमजयंतीचे असते आणि असायलाच हवे. गंमत बघा, त्या गर्दीत कुठेतरी एक बंब उभा असतो आणि त्यातली माणसे आपला स्मृतिदिन बंदोबस्तावर काढतात. आणि पुलगाव? ३१ मे २०१६ ला तिथल्या दारूगोळा भांडारात आग लागली. मृतांत लष्करी अधिकारी होते आणि आगीवर धावून गेलेले अग्निशामक कर्मचारी मोठ्या संख्येने होते. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली गोष्ट. ती तारीख विदर्भात किती जणांना न अडखळता सांगता येईल? मलाही तपासावी लागली.

माहिती अधिकाराचे उत्तर अजून आलेले नाही, मुदतीचे तीस दिवस संपायचे आहेत. ज्वाळा पुसल्या आहेत. आता एकाऐवजी दोन माणसे आहेत, पण पाइपाच्या नव्हे, दोराच्या टोकाला, कारण त्या रात्री पाणी मारायचे नव्हते, पाण्यातून काढायचे होते. खुर्चीतली म्हातारी छान जमली आहे. अडले आहे ते पाणी. निळ्या फरश्या ढीगभर आहेत आणि त्यातली एकही लावायची नाही असे ठरले. चहाच्या रंगाची फरशी हल्ली दुकानात मिळत नाही, दुकानदार म्हणतात ती फॅशन गेली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या न्हाणीघरांत असायची तशी, मळकट तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. कुणाच्या घरी दुरुस्ती निघाली असेल तर मलबा टाकायच्या आधी कळवा. फुटकी चालेल. रविवारी सकाळी आठपासून आम्ही तिथेच असतो, आणि ज्यांना बंबच हवा आहे त्यांनीही यावे, अर्जाची दुसरी प्रत तयार आहे.